दर रविवारची मलेरियाची गोळी आणि उडालेली झोप: एका फौजीच्या बहिणीला उत्तर

नमस्कार. इतर वाचकांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमचा धाकटा भाऊ फौजेत आहे. आफ्रिकेतल्या शांतिसेनेच्या कामगिरीवरून तो दोन आठवड्यांपूर्वी सुट्टीवर गोव्यात साखळीला घरी आलाय. तिकडे दर रविवारी फॉल-इनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, मलेरिया होऊ नये म्हणून गोळी मिळायची. 'घरी गेल्यावरही चार रविवार घ्यायची' असं सांगून पाकीट सोबत दिलंय, आणि तो ती नेमाने घेतोय. झोप दोन-तीन तासांच्या वर नाही, स्वप्नं भयानक पडतात, पलंगावरून उठताना भिंत धरावी लागते, कानात शिट्टी वाजते. गेल्या आठवड्यापासून शेजारी आपल्याबद्दल कुजबुजतात असं म्हणायला लागलाय. घरात तीन मतं आहेत. वडील म्हणतात ड्यूटीचं टेन्शन, शेजारी म्हणतो गोळी फेकून द्या, आई म्हणते देवळात कौल घेऊया. तुम्ही विचारताय, दोष गोळीचा की टेन्शनचा?

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. गोव्यात नोकरीतले आणि निवृत्त फौजी, नौदलातली माणसं आणि बोटीवर जाणारे खलाशी यांच्याकडून हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो. माझ्या मते दोष कोणाचा हे या आठवड्यात ठरलं नाही तरी चालेल. हा मलेरियाच तर नाही ना, गोळी नेमकी कुठली आणि येत्या रविवारी काय करायचं, एवढं मात्र आधी ठरायला हवं.

पहिलं काम मलेरिया तपासणं. प्रतिबंधक गोळी चालू असतानाही मलेरिया होऊ शकतो. फाल्सिपेरम जातीचा मलेरिया मेंदूवर गेला की माणूस असंबद्ध बोलतो, घाबरतो, भांबावतो. आणि घरच्यांना वाटतं डोकं फिरलं. आजच्या आज रक्ताची स्लाइड आणि रॅपिड टेस्ट करून घ्या. एकदा निगेटिव्ह आली म्हणून थांबू नका, १२ ते २४ तासांच्या अंतराने अशा तीन स्लाइड बघाव्या लागतात. गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तात परजीवी इतके कमी असू शकतात की पहिल्या स्लाइडमध्ये दिसत नाहीत. गोव्यातल्या आरोग्य केंद्रांना मलेरियाची तपासणी नवी नाही, बांधकामांवरच्या मजुरांची तपासणी तर वर्षानुवर्षं चालू आहे. पण आपल्याकडे जास्त करून व्हायवॅक्स जातीचा मलेरिया सापडतो, आणि आफ्रिकेत फाल्सिपेरम. म्हणून 'आफ्रिकेतून आलाय' हे वाक्य कोणी विचारायची वाट न बघता सांगा. तिकडे असताना मलेरिया होऊन उपचार झाला होता का, हेही त्याला विचारा. फाल्सिपेरम बरा झाल्यानंतरच्या साधारण दोन महिन्यांत कधीकधी गोंधळ, भास, फिट किंवा हातापायांची थरथर सुरू होते, तेव्हा रक्त स्वच्छ असतं. हा प्रकार क्वचित दिसतो, आणि उपचारात मेफ्लोक्विन वापरलं असेल तर त्याचा धोका वाढतो.

कौल जरूर घ्या, आईच्या मनाला आधार मिळेल. पण स्लाइड त्याच्या आधी.

आता गोळी. 'आठवड्याची गोळी' एवढ्यावरून काही ठरत नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची औषधं मुख्यतः तीन: मेफ्लोक्विन २५० मिलिग्रॅम, क्लोरोक्विन ३०० मिलिग्रॅम बेस आणि काही देशांत वापरलं जाणारं टॅफेनोक्विन २०० मिलिग्रॅम. रोज घ्यायची दोन, डॉक्सिसायक्लिन आणि अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल. पाकिटाच्या चांदीवर नाव असतंच, तिचा फोटो काढून ठेवा. नाव फाटलं असेल तर पल्टणीच्या एमआय रूममध्ये, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, फोन करून विचारता येतं, कोणाला काय दिलं याची नोंद तिथे असते. भारताच्या राष्ट्रीय धोरणात सहा आठवड्यांपेक्षा कमी मुक्कामासाठी रोज १०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन आणि त्याहून लांब मुक्कामासाठी आठवड्याला २५० मिलिग्रॅम मेफ्लोक्विन सांगितलं आहे. जाण्याच्या दोन आठवडे आधी सुरू करायचं आणि परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायचं. तुमच्या भावाचे 'चार रविवार' याच्याशी जुळतात, म्हणून गोळी मेफ्लोक्विन असण्याची शक्यता मला बरीच वाटते. त्याच धोरणात हेही लिहिलंय की फिट येण्याचा इतिहास, मानसिक आजार किंवा हृदयाचा त्रास असलेल्याला मेफ्लोक्विन देऊ नये. इथून पुढे मी गोळी मेफ्लोक्विन आहे असं धरून लिहितो. क्लोरोक्विन निघालं तरी बराच भाग लागू पडेल, कारण क्लोरोक्विनने वेड्यासारखी अवस्था झाल्याच्या नोंदी आपल्या देशात जुन्या आहेत आणि तेही शरीरात बराच काळ राहतं. डॉक्सिसायक्लिन निघालं तर मात्र माझा संशय गोळीवरून उठेल आणि दुसरीकडे जाईल.

मेफ्लोक्विन मेंदूत शिरतं आणि तिथे साचतं. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला सरासरी तीन आठवडे लागतात, कोणाला दोन, कोणाला चार. म्हणून ते आठवड्याला एकदा पुरतं आणि म्हणूनच त्रास झाल्यावर लवकर जातही नाही. दर आठवड्याला घेत राहिलं की सात ते दहा आठवडे प्रमाण चढत जातं. शेवटच्या गोळीनंतर ते शरीरातून जवळपास पूर्ण निघायला तीन-चार महिने लागतात. 'गोळी बंद करून दहा दिवस झाले तरी झोप नाही, म्हणजे गोळीचा संबंध नाही' हा निष्कर्ष फार घाईचा आहे, आणि तो डॉक्टरही काढतात.

गोळीच्या अधिकृत माहितीपत्रकात विचित्र स्वप्नं आणि निद्रानाश दहात एकाहून जास्त लोकांना होतात असं आहे. चिंता आणि उदासी शंभरात एकाहून जास्त. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कोणाला कुठली गोळी हे ना प्रवाशांना माहीत होतं ना तपासणाऱ्यांना. त्यात मेफ्लोक्विन घेणाऱ्या २९ टक्के प्रवाशांना झोप, स्वप्नं, चक्कर, चिंता अशा तक्रारी आल्या, अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घेणाऱ्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. भ्रम किंवा भास होण्याइतका मोठा त्रास प्रतिबंधक मात्रेवर कमी लोकांना होतो. पण होतो तेव्हा बहुतेक वेळा आधी लहान लक्षणं दिसून गेलेली असतात: बेचैनी, कारण नसताना भीती, झोप उडणं, गोंधळ. हा इशारा समजून गोळी तिथेच थांबवायची असते.

फौजेत नेमकं हेच जमत नाही. बंदोबस्ताच्या ठिकाणी, रात्रीच्या गस्तीवर असलेल्या माणसाची झोप उडाली, तो दचकला, सावध झाला, तर त्यात कोणाला काय वेगळं दिसणार? त्याला स्वतःलाही नाही. दिसलं तरी तो आरएमओला, म्हणजे पल्टणीच्या डॉक्टरला, सांगेलच असं नाही. मानसिक तक्रार कागदावर आली की मेडिकल कॅटेगरी लागेल, म्हणजे कागदोपत्री तब्येतीचा दर्जा खाली येईल, पुढचा कोर्स किंवा बढती अडकेल, ही भीती खरी आहे, तिला मूर्खपणा म्हणता येत नाही. गोळी फॉल-इनमध्ये सगळ्यांसमोर गिळायची असते, तिथे 'मला नको' म्हणणं अवघड. सैन्याची बाजूही समजून घ्या. मलेरियाने अख्ख्या तुकड्या आडव्या होतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम मेपाक्रीन या मलेरियाच्या जुन्या औषधाच्या गोळ्या जवानांनी खरोखर घेतल्या का हे अचानक तपासायचा आणि ९५ टक्क्यांच्या खाली निकाल आला तर कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवायचा. त्या गोळीने कातडी पिवळी पडायची, आणि थोड्या जणांना वेडाचे झटकेही यायचे. मेफ्लोक्विन तर अमेरिकी लष्कराच्याच वॉल्टर रीड संस्थेतून आलं, व्हिएतनाममध्ये क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपेरम भेटल्यावर. रोजची गोळी जवान विसरतात, आठवड्याची विसरत नाहीत, हा त्याचा मोठा गुण होता.

पुढे काय झालं ते तुमच्या कामाचं आहे, कारण 'गोळीने असं होत नाही' असं कोणी ठामपणे म्हणालं तर उत्तर देता येईल. अमेरिकेत १९८९ मध्ये मंजूर झालेल्या या औषधावर तिथल्या औषध प्रशासनाने जुलै २०१३ मध्ये सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला: मानसिक त्रासाबरोबर चक्कर, तोल जाणं, कानात आवाज ही लक्षणं गोळी थांबवल्यानंतरही दीर्घकाळ, कदाचित कायमची राहू शकतात. त्याच वर्षी अमेरिकी लष्कराच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडने आपल्या जवानांना ती देणं बंद केलं. ब्रिटिश संसदेच्या संरक्षण समितीने २०१६ मध्ये ही गोळी सैनिकांसाठी शेवटचा पर्याय म्हणूनच ठेवावी आणि प्रत्येकाला समोर बसवून तपासल्याशिवाय देऊ नये असं म्हटलं. दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅनडाच्या सैनिकांनी १९९२-९३ मध्ये सोमालियात केलेल्या अत्याचारांमागे ही गोळी होती का, याचा ठाम निर्णय चौकशी आयोगाला देता आला नाही. दीर्घकालीन मानसिक आजारांबद्दल २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं. गोळी चालू असतानाचा त्रास वादातीत आहे. वर्षानुवर्षं राहणाऱ्या त्रासात गोळीचा वाटा किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, गोळी की टेन्शन. मी यासाठी तारखा मांडून बघतो. एका वहीत पहिली गोळी कधी, पहिलं लक्षण कधी, आणि अंगावर काटा यावा अशी घटना तिकडे घडली असेल तर ती कधी, हे लिहा. बऱ्याच जणांचा त्रास पहिल्या तीन डोसांतच सुरू होतो, म्हणून तर गोळी जाण्याआधी दोन-तीन आठवडे सुरू करायची असते, म्हणजे न सोसणारा माणूस घरीच कळतो. आफ्रिकेत पाय ठेवण्याआधीच, इथल्या छावणीत असताना स्वप्नं सुरू झाली असतील तर तिथल्या प्रसंगांना दोष देता येणार नाही. दुसरं, आठवड्याची लय बघा. गोळीनंतर साधारण सहा ते चोवीस तासांत रक्तातलं प्रमाण सर्वांत वर जातं. रविवार-सोमवारची रात्र सगळ्यात वाईट आणि शुक्रवारपर्यंत जरा बरी, असं असेल तर संशय वाढतो. लय नसली म्हणून गोळी निर्दोष ठरत नाही, कारण काही महिन्यांनी एकूण साठाच इतका असतो की चढउतार जाणवत नाही. तिसरं, स्वप्नात काय दिसतं? आघातानंतरच्या मानसिक त्रासात बहुधा तोच प्रसंग परत परत येतो, आणि माणूस त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळतो: आवाज, वास, बातम्या. गोळीची स्वप्नं रंगीत, विचित्र, कशाशीच संबंध नसलेली असतात. चौथं आणि माझ्या दृष्टीने वजनदार: चक्कर, भिंत धरणं, कानातली शिट्टी. नुसत्या ताणाने माणूस खाटेवरून उठताना एका बाजूला कलंडत नाही. तुम्ही वर्णन केलेलं चित्र, ते वाचून जेवढं सांगता येतं तेवढं, मला गोळीकडे झुकलेलं दिसतं. दोन्ही एकत्र असणंही अगदी शक्य आहे. शिवाय दारू, डोक्याला मार, कुटुंबात आधीपासून असलेला मानसिक आजार यांनी उत्तर बदलतं. हे सगळं समोर बसवून विचारायचं असतं.

येत्या रविवारी काय? गोळी मेफ्लोक्विन असेल तर ती घेऊ नये. मानसिक लक्षणं दिसली की थांबवायची हे खुद्द माहितीपत्रकातच आहे. पण शेजारी म्हणतो तसं नुसतं फेकून मोकळं होऊ नका. जाताजाता डासाने चावून दिलेला परजीवी आधी यकृतात वाढतो आणि नंतर रक्तात उतरतो. मेफ्लोक्विन आणि डॉक्सिसायक्लिन रक्तात उतरलेल्याला मारतात, म्हणून परतल्यावर चार आठवडे पहारा लागतो. उरलेल्या दिवसांसाठी सोपा पर्याय म्हणजे डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज एकदा, आफ्रिका सोडल्याच्या तारखेपासून चार आठवडे पूर्ण होईपर्यंत. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून फोड येतो. दूध, अँटासिड, लोह किंवा कॅल्शियमची गोळी यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. उन्हाने कातडी भाजते, तेव्हा दुपारी उघड्या अंगाने फिरणं बंद. दुसरा पर्याय अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल. ते यकृतातल्या परजीवीवरही चालतं म्हणून एरवी परतल्यावर सात दिवस पुरतं. पण परतल्यानंतर मेफ्लोक्विनवरून त्यावर आलं तर सात दिवसांचा नियम लागू नाही, तेही चार आठवडे भरेपर्यंत घ्यायचं. इथे नेहमी चूक होते. ते प्रत्येक फार्मसीत मिळेल असंही नाही. मेफ्लोक्विन सावकाश उतरत असल्यामुळे एका दिवसात तो उघडा पडणार नाही. रविवारच्या आत डॉक्टरकडून ही अदलाबदल लिहून घ्यायला वेळ आहे. सुट्टीवर असला तरी आरएमओला कळवा. ते त्याच्या हिताचंच आहे, पुढे कागद लागतील तेव्हा तारखा तिथे सापडतील.

या आठवड्याचा क्रम म्हणाल तर: आज स्लाइड, आज गोळीचं नाव, रविवारच्या आत बदली औषध, आणि दोन-तीन दिवसांत मनोविकारतज्ज्ञ. संशय वाढला, आवाज ऐकू यायला लागले, 'मी नसलेलाच बरा' असं काही बोलला, फिट आली किंवा ताप आणि गोंधळ एकत्र दिसले तर दिवस मोजू नका, १०८ ला फोन करून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्या. आयपीएचबी हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय तिथून जवळच आहे. रात्री-अपरात्री नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक आहे. आणि तुमच्या भागात शेताच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक घरात असते, असली तर ती आणि काडतुसं सध्या दुसऱ्या घरी ठेवा, कीटकनाशकाचे डबेही. वाद न घालता, त्याला न डिवचता. तोल जात असेपर्यंत स्कूटर नको, शिडी नको, नदीत-समुद्रात पोहणं अजिबात नको. पाण्याखाली दिशाच कळेनाशी होते.

तुमच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी काही ओळी. उतारा असं औषध नाही, लक्षणांवर उपचार करत शरीर स्वच्छ होऊ द्यायचं. मानसिक औषध सुरू करण्याआधी ईसीजी, कारण मेफ्लोक्विन हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं, आणि हॅलोपेरिडॉल, सिटालोप्रॅमसारखी औषधं त्यात भर घालतात. ट्रामाडॉल आणि बुप्रोपिऑन टाळा, फिटचा धोका आहे. फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर रक्तातली पातळी तपासा, मेफ्लोक्विन ती खाली आणतं. स्लाइड पॉझिटिव्ह आली तर क्विनाइन किंवा मेफ्लोक्विन असलेलं संयुग नको, आर्टेसुनेटवर आधारलेले इतर पर्याय आहेत. झोपेसाठी बेंझोडायझेपिन थोडे दिवस देता येतं, सवय लागेल इतके नाही. चक्कर आणि कानासाठी ईएनटी तज्ज्ञाकडून ऑडिओमेट्री आणि तोलाची तपासणी करून घ्या. तोलाचे व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट इथे गोळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. चक्करेच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर मेंदू नवा तोल शिकतच नाही. दारू पूर्ण बंद. सुट्टीवरच्या फौजीला हे सांगणं सोपं नसतं, पण मेफ्लोक्विन आणि दारू एकत्र आल्यावर भ्रम झाल्याच्या नोंदी आहेत. दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय क्रमांकावर करता येते, रुग्ण किंवा नातेवाईकही करू शकतात.

बरं व्हायला किती दिवस? झोप आणि भीती बहुतेकांची काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत उतरते. चक्कर आणि कानातला आवाज रेंगाळतो, काहींचा राहतोच. चार महिने उलटूनही मनाची लक्षणं तशीच असतील तर फक्त गोळीवर बोट ठेवून बसू नका. आघाताचा त्रास, नैराश्य यांचा उपचार पूर्ण ताकदीने व्हायला हवा. खरं म्हणजे तो आधीपासूनच सुरू करायला हरकत नसते, कारण दोन्हीकडे बोलण्याचा उपचार आणि झोप सावरणं समान आहे.

सुट्टी संपण्याआधी दोन गोष्टी राहतात. त्याच्या वैद्यकीय कागदांत 'मेफ्लोक्विन सोसत नाही' ही नोंद, लक्षणांसह आणि तारखांसह, करून घ्या म्हणजे पुढच्या पोस्टिंगला त्याला डॉक्सिसायक्लिन मिळेल. त्यात टॅफेनोक्विनचाही उल्लेख हवा, कारण तेही लांब टिकणारं औषध आहे आणि मनोभ्रमाचा इतिहास असलेल्याला प्रतिबंधासाठी देत नाहीत. दुसरं, टॅफेनोक्विन सोडलं तर यांपैकी कुठलीही प्रतिबंधक गोळी यकृतात दडून बसलेल्या व्हायवॅक्स किंवा ओव्हेल जातीच्या परजीवीला संपवत नाही. जीसिक्सपीडी (प्रायमाक्विन सोसेल का हे सांगणारी रक्ताची) तपासणी ठीक आली तर प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स द्यायचा का, हे आरएमओला विचारा. तो दिला नाही तर पुढचं वर्षभर कधीही थंडी-ताप आला की पावसाळ्यातला साधा ताप समजून पॅरासिटामॉलवर काढू नका, त्याच दिवशी परत स्लाइड.